भेगा, निंबोळी आणि गोचीड

आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या कानामागून आज निघालेली गोचिडाची मादी चांगलीच फुगलेली होती. करडी, गुळगुळीत, हुबेहूब एरंडाची बी. तिला खेटूनच एक चपटा, तपकिरी नर बसला होता, नखाच्या टोकावर मावेल एवढा. दोघांनाही साबणाच्या पाण्यात टाकलं. ती सुटली असती तर एक-दोन दिवसांत आपोआप गळून पडली असती आणि मुकाट्यानं भिंत चढून एखाद्या भेगेत शिरली असती. तिथं हजारोंनी अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच तिचं काम उरलेलं होतं.

अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात. ते कुत्र्यावर चढतं, पोटभर रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. मग मोठं होऊन तिसऱ्यांदा चढतं. कुत्र्याच्या गोचिडाचा हा तीन खेपांचा हिशेब एकदा डोक्यात बसला की निम्मे उपाय आपोआप बाद होतात. कुत्र्याला कितीही आंघोळी घाला, दोन खेपांच्या मधला सगळा काळ तो गोचीड घरात असतो, अंगावर नसतो. मोठा झालेला गोचीड उपाशी वर्षभराहून अधिक काळ दम धरू शकतो. आपला धीर त्याआधीच सुटतो.

*

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली, लाखांदूरकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती आणि वर कवेलू. उन्हाळ्यात आत गार, पण भेगांना तोटा नाही. शिवाय कुत्र्याच्या गोचिडाला वर चढायची खोड असते. लोक खाली फरशी पुसत बसतात आणि हा आढ्याला, चौकटीच्या वरच्या फटीत, खाटेच्या माचव्याच्या सांध्यात. शोधायचा तर टॉर्च घेऊन वर बघावं.

उपाय जुनेच आहेत आणि कष्टाचे आहेत. भेगा चिखलमातीनं किंवा सिमेंटनं बुजवायच्या, वर चुना मारायचा, जमीन सारवायची, दारामागची अडगळ काढायची. कुत्र्याच्या अंथरुणाचं पोतं आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात. सिमेंटच्या गोठ्यात काही जण फ्लेम गननं भिंतीच्या फटी भाजून काढतात. उपाय चांगला, पण शेजारी तणसाचा ढीग असेल तर गोचिडाआधी गोठा जायचा.

यातलं काहीच बाटलीत भरून विकता येत नाही. म्हणून याची जाहिरातही होत नाही.

*

निंबोळी. जूनमध्ये झाडाखाली सडा पडतो, तेव्हा वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवली की वर्षभर पुरते. धानावर फवारायचा पाच टक्के अर्क इथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. तोच घरासाठी: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा किंवा रिठ्याचं पाणी घालायचं म्हणजे भिंतीवर धरून राहतो. फवारा संध्याकाळी मारावा. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही, काही दिवसांत त्याचा जोर जातो. म्हणून फवारणी पुन्हा, आठवड्याला.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. निंबोळीनं गोचीड पटापट मरून पडत नाहीत. ती त्यांना हटवते, त्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडवते, अंड्यांचं गणित मोडते. फवारल्या संध्याकाळी भिंतीवर एक गोचीड चालताना दिसला म्हणून तिला नावं ठेवणारे मी पाहिले आहेत. महिनाभर नेमानं फवारून मग बोलणारा एखादाच.

कुत्र्याच्या अंगावर लावायचं तर पातळ अर्कच, तोही डोळे, नाक, जखम सांभाळून. नुसतं निंबोळी तेल चोपडू नये, कुत्रा ते चाटून पोटात घेतो. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला तर नाहीच. घरात मांजर असेल तर तिला यातलं काही लावू नये. मांजरीचं यकृत अशा गोष्टी पचवायला कच्चं असतं.

*

ढोरांसाठी वेगळी कृती. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गावठी पशुवैद्यकातले जे पाठ दूध उत्पादकांपर्यंत नेले, त्यात गोचिडांचा आहे: लसणाच्या दहा पाकळ्या, कडुनिंबाचा पाला मूठभर, निंबोळ्या मूठभर, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला मूठभर, तुळस मूठभर. सगळं वाटून लिटरभर पाण्यात कालवायचं, गाळायचं, गाईच्या अंगावर आणि गोठ्याच्या भेगांत फवारायचं. आठवड्यातून एकदा, दिवसा ऊन असताना, गोचीड जाईपर्यंत.

यातली घाणेरी मला विशेष आवडते. हिला इकडं रायमुनियाही म्हणतात. सारं रान हिनं व्यापलंय, जनावरानं खाल्ली तर तिचं विष होतं, आणि तिचाच पाला इथं कामी येतो. पाला उरला तर गव्हाणीत टाकू नये, एवढं भान हवं. आणि हा पाठ कुत्र्यावर उतरवू नये. त्यात लसूण आहे. कुत्रा अंग चाटतो, आणि लसूण-कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

गाईवरचा नेहमीचा गोचीड वेगळ्या जातीचा. तो पिलापासून म्हातारपणापर्यंत एकाच जनावरावर राहतो, सुमारे तीन आठवडे. म्हणून तिथं अंगावरचा उपाय जास्त लागू पडतो आणि तीन आठवडे न चुकता करावा लागतो. संकरित गाय असेल तर हयगय नकोच. गोचीड-तापानं पहिली जाते ती तीच, गावठी गाय तग धरते.

*

"कुत्र्याले लय गोचीड झाले जी. तंबाखूचं पानी मारू का?"

शेजारच्या काकाजींचा प्रश्न. खर्ऱ्याच्या मुलखात तंबाखूची टंचाई नाही, उपाय हाताशी असतो. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "झाडाचंच तं आहे, नैसर्गिक."

नैसर्गिक तर सापाचं विषही आहे. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आत जातं. लाळ गळते, कुत्रा थरथरतो, झटके येतात, लहान पिल्लू मरतंही. सीताफळाच्या बियांची पूडही तशीच. उवांवर गावोगाव वापरतात आणि डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. कापूर, निलगिरीचं तेल, डांबराच्या गोळ्या, हे सगळं कुत्र्याच्या नाकातोंडाजवळ नको. आणि रॉकेल, डिझेल, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल यांत तर नैसर्गिक असं काहीच नाही. तरी गावात ते सर्रास चोपडतात. कातडी सोलवटते, कुत्रा चाटतो, आणि गोचीड निघाले म्हणून मालक खूश.

काकाजींना निंबोळीची भरड दिली. त्यांनी ती वांग्यांवर फवारली. वांगी छान आली म्हणतात.

*

गोठ्यात दोन-चार गावरान कोंबड्या असाव्यात. बसलेल्या गाईच्या अंगावरून, खुरांजवळून त्या गोचीड टिपून खातात, गाईला त्याचं काही वाटत नाही. फक्त त्यांचं खुराडं गोठ्याच्या भिंतीला लावू नये. कोंबड्यांचाही एक स्वतःचा गोचीड आहे. तो दिवसा फटीत लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो.

गायबगळ्याला मात्र लोक फुकटचं श्रेय देतात. तो ढोरांमागं चालतो ते त्यांच्या पावलांनी उडणाऱ्या नाकतोड्यांसाठी. गोचीड मिळाला तर मिळाला.

*

पोळा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, हळद-तूप लावून बैलांचे खांदे शेकायचे. सकाळी बोडीवर, म्हणजे तळ्यावर नेऊन धुवायचं. वर्षभर ज्याच्याकडं कुणी नीट पाहिलेलं नसतं, त्या बैलाच्या कानाच्या आत, शेपटीखाली, मांडीच्या सांध्यात त्या दिवशी हात फिरतो आणि गोचीड निघतात. दुसऱ्या दिवशी मारबत: दाराला लावलेले पळसाचे मेढे काढून, रोगराई, ढेकूण, डास सगळ्यांना हाका मारून शिवेबाहेर घालवायचं.

रीत ठरवणाऱ्यांना काय ठाऊक होतं कोण जाणे, पण वेळ बरोबर आहे. श्रावण-भाद्रपदातच गवत गुडघ्याएवढं होतं आणि चावणारं सगळं माजतं. फक्त बैलाला वर्षातून एकदाच धुवून भागत नाही.

*

याच दिवसांत माणसांचं काय होतं ते विदर्भानं २०१८ मध्ये पाहिलं. ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस पसरला, माणसं दगावली. तो गोचिडाचा रोग नव्हे. गोचिडाच्याच गोतातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा माइट असतो, त्याची पिलं गवतात असतात आणि उंदरांवर वाढतात. चावलेलं कळतही नाही. नंतर ताप चढतो, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. दुखत नाही म्हणून रोगी सांगत नाही, लाजेखातर दाखवतही नाही. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस वाचतो, पैशानंही ते औषध स्वस्त आहे. उशिरा कळलं तर फुफ्फुसं, मूत्रपिंडं बसतात.

आपल्याकडं कुत्र्यांच्या गोचिडापासूनही माणसाला ताप येतो. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये मुलांमधला हा पुरळाचा ताप लवकर ओळखण्यासाठी गुण मांडायची एक पद्धत सुचवली. तीत तळहात-तळपायांवर पुरळ आहे का याच्या जोडीला खेडं, पाळीव जनावर, गोचिडांचा संबंध यांचीही चौकशी होती. पोराला ताप आला की घरी कुत्रा आहे हे डॉक्टरला आपणहून सांगावं. विचारायचं त्यांना सुचेलच असं नाही.

*

धुऱ्यावरचं गवत कापायला जाताना: पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले. चिखलात उतरायचं असेल तर मोजे कसले, हे मान्य. पण गवत कापताना चिखल नसतो. दुपारी धानाच्या बांदीच्या कडेला गवतावर आडवं होऊ नये, पोतं किंवा ताडपत्री अंथरावी. घरी आल्यावर आधी गरम पाण्यानं घासून आंघोळ, कपडे तेव्हाच भिजवायचे. खुंटीला टांगून उद्या पुन्हा घालायचे नाहीत. अंगावर करंजाचं तेल चोळून जाणारे आहेत. त्यानं थोडा वेळ बरं जातं, पण घामाबरोबर ते उतरतं.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडं २०१६ पासून माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांना आरोग्य खात्यानं अंगाला लावायला गोचीड हटवणारं तेल वाटलं. हा विषाणू मूळ शिमोग्याच्या जंगलातला, १९५७ साली ओळखला गेलेला. माकड मेलं की त्याच्यावरचे गोचीड पाचोळ्यात उतरतात आणि दुसरं रक्त शोधतात. मोहफुलं वेचायला कोका, नागझिऱ्याच्या कडेनं पहाटे जाणाऱ्या बायांना मी हे सांगतो, भीती घालायला नव्हे. झाडाखालचा पाचोळा त्या जाळतात, तो झाडूनही काढता येतो, आणि वनखात्याचीही बोलणी बसत नाहीत.

*

काढायचा कसा. चिमटा कातडीला अगदी टेकवून तोंडाशी धरायचा आणि सावकाश, सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, झटका द्यायचा नाही. विडीचा चटका, उदबत्ती, तेल, चुना काही नको. डिवचलेला गोचीड आतली घाण जखमेत ओकतो. काढल्यावर जागा साबणानं धुवायची, हातही.

आणि नखावर चिरडायचा नाही. आपल्याकडं सगळ्यांनाच तो चट्कन फुटण्याचा आवाज आवडतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत सानंदजवळ काँगो ताप देशात पहिल्यांदा ओळखला गेला. ढोरांवरच्या एका जातीच्या गोचिडातून, किंवा नुसता तो चिरडूनही, तो विषाणू माणसात येतो. साबणाच्या पाण्याची डबी खुंटीला टांगलेली बरी.

बघायच्या जागा: कानाच्या आत आणि मागं, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. भुऱ्या बाकी सगळीकडं हात लावू देतो, बेचक्याशी गेलं की पाय ओढून घेतो. गोचीड नेमके तिथंच.

*

पाला-अर्काची हद्द कुठं संपते तेही लिहून ठेवतो. कुत्र्यानं खाणं टाकलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, की निंबोळी बाजूला ठेवून पशुवैद्यकीय दवाखाना. रोग रक्तात उतरलेला असतो. एर्लिकिया नावाचा जंतू निघाला तर औषध पुन्हा तेच डॉक्सिसायक्लिन, माणसाच्या स्क्रब टायफसचं. बबेसिया निघाला तर दुसरं. कोणता ते कळायला रक्ताची तपासणी लागते, अंदाज चालत नाही.

गोचिडांवर कुत्र्याला महिन्याकाठी द्यायची गोळी मिळते, तिलाही माझा विरोध नाही. महाग आहे, पण लागू पडते. ढोरांचं फवारणीचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्याला आंघोळ घालण्यापेक्षा ती शंभरपट बरी. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या गळपट्ट्यांना वास छान येतो. त्याहून जास्त मला त्यांच्यात काही दिसलं नाही.

*

धान निघाला की तणसाचा ढीग घराच्या भिंतीला लावतात, सोयीचं पडतं म्हणून. ऊब असते, तिथंच कुत्रा झोपतो, तिथंच उंदीर येतात. यंदा ढीग घरामागच्या सांदवाडीच्या पलीकडच्या टोकाला लावायचा. घरात यावरून वाद आहे, कारण भल्या पहाटे एवढ्या लांबून चारा कोण आणणार.