आधी कळलं तिला, म्हणून दोषीही तीच

आमच्या परभणीत बाई गरोदर राहिली की सरकारी दवाखान्यात तिची एचआयव्ही तपासणी होते. म्हणून आजार नवऱ्याकडून आलेला असला, तरी आधी कळतो तिला. "नवऱ्याला सांग," म्हणणं सोपं आहे. पुढची मारहाण, तलाक, माहेरी रवानगी तिलाच सोसायची असते. आणि गप्प राहिली, तर त्याचेही उपचार लांबतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही भीती ओळखली आहे: हिंसेची किंवा टाकून दिलं जाण्याची रास्त भीती असेल, तर जोडीदाराला सांगण्याची सक्ती बाईवर नाही, डॉक्टरनेही परस्पर सांगू नये. आमच्या मोहल्ल्यातल्या किती बहिणींना हे ठाऊक आहे? मला वाटतं, नवऱ्यानेही तिच्यासोबतच तपासणी करून घ्यावी. मग "तूच आणलास" म्हणणं तरी कठीण जाईल.