तांबडं दिसतंय तिथं पाणी हाय का?

बालाघाटावरच्या कुठल्याही गावात बोअर कुठे कुठे आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. किती आहेत, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सगळ्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते, आणि फेल गेलेल्या बोअरचं तर कुणी नावही काढत नाही. कर्ज काढून पाचशे फूट खाली गेल्यावर नुसता धुराळा निघाला, हे कोण कशाला आपणहून सांगेल?

मी बीडच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला पुस्तकातली तीच ती उदाहरणं नकोत, असं मुलांचंच म्हणणं पडलं. त्यातली बरीच मुलं पाटोदा तालुक्यातली. मांजरा नदी उगम पावते तो हा तालुका. हीच मांजरा पुढे केज तालुक्यात धनेगावला अडवलेली आहे. २०१६ साली ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लातूरच्या रेल्वेची बातमी देशभर झाली. नदीच्या उगमाकडची गावं तेव्हा टँकरची वाट पाहत बसली होती, त्यांच्याकडे कॅमेरे फारसे फिरकले नाहीत. असो. मुलांनी आपापल्या शिवारातले बोअर टिपायचे ठरवले.

हत्यार म्हणजे खिशातला फोन. रेंज नसली तरी फोनला उपग्रहांवरून जागा कळते, हे कित्येकांना ठाऊक नसतं. बोअरजवळ उभं राहायचं, अक्षांश-रेखांश घ्यायचे, खोली किती, कोणत्या वर्षी घेतला, आणि पाणी चालू आहे, आटलं की पहिल्या दिवसापासूनच कोरडा, एवढंच विचारायचं. नाव लिहायचं नाही, ही अट लोकांनी घातली आणि ती रास्त होती. एका घरी आण्णा ओसरीवर बसून म्हणाले, “दोन फेल गेले.” आतून काकूंचा आवाज आला, “पाच सांगा की! माझ्या पाटल्या कामून गेल्या मग?” त्यानंतर मी मुलांना सांगून टाकलं, शक्य तिथे बाईमाणसालाही विचारा. खर्चाचा हिशेब त्यांच्याकडे पक्का असतो.

बिंदू जमले, पण नुसते ठिपके कागदावर टाकले की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसतं. म्हणून घनतेचा नकाशा. त्यासाठी आम्ही ‘आर’ हे सॉफ्टवेअर वापरलं. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी ते १९९० च्या दशकात सुरू केलं. ते फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. त्यातल्या ‘स्पॅटस्टॅट’ या पॅकेजचं काम थोडक्यात असं: प्रत्येक बोअरच्या जागी सारख्याच वजनाचा एक उंचवटा धरायचा, मध्ये उंच आणि कडेला उतरत जाणारा. शेजारशेजारचे उंचवटे एकमेकांत मिसळले की त्यांची बेरीज करायची. बेरीज जिथे मोठी तिथे रंग गडद.

पहिली गोष्ट, अंश मोजायचे नाहीत, मीटर मोजायचे. बीडच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंशांवर, उत्तर-दक्षिण एक अंश ११० किलोमीटरहून थोडा जास्त भरतो आणि पूर्व-पश्चिम एक अंश १०५ च्या आसपास. अंशांतच हिशेब केला तर गोल उंचवटा लंबगोल होतो. म्हणून सगळे बिंदू आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात आणले. बीड जिल्हा त्याच पट्ट्यात येतो. फोनच्या जीपीएसमध्ये पाचदहा मीटरची चूक असतेच, पण पुढे जे सांगणार आहे त्यापुढे ती किरकोळ आहे.

खरा प्रश्न उंचवट्याच्या पसरटपणाचा, म्हणजे बँडविड्थचा. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर स्पॅटस्टॅट आपल्या मनाने आकडा घेतं: नकाशाच्या चौकटीच्या आखूड बाजूचा आठवा भाग. बिंदू कशाचे आहेत, बोअरचे की बाभळींचे, याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. आमची चौकट काही किलोमीटरची, त्यामुळे गावाचं गावच एका तांबड्या डागात बुडालं. मुलांना तो नकाशा फार आवडला, कारण तो पेपरात छापतात तसा दिसत होता. दुसऱ्या टोकाला पन्नास मीटर दिले, तर पुन्हा ठिपकेच.

मग आकडा घ्यायचा कुठून? मला तो कायद्यात सापडला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्याला महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने बंदी घातली होती. गावाला हे पाचशे मीटर माहीत आहेत, भांडणं त्यावरून होतात. पण बँडविड्थ पाचशे ठेवली तर उंचवट्याचं जेमतेम ३९ टक्के वजन पाचशे मीटरच्या आत राहतं, बाकीचं बाहेर सांडतं. अडीचशे ठेवली की ८६ टक्के आत येतं. आम्ही अडीचशे ठेवली. तांबडा डाग फुटला आणि ओढ्याच्या कडेने जाणारी एक लांबट पट्टी वर आली. सगळ्यात गडद भाग होता तो गावाच्या पिण्याच्या विहिरीभोवती.

नकाशाची मोठी प्रत काढून आम्ही एका गावच्या पारावर घेऊन गेलो. मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पुढे झाले, तांबड्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “सर, तांबडं दिसतंय तिथं पाणी हाय का?” मागून एक तरुण म्हणाला, “हायच की. म्हून तर सगळ्यांनी तिथंच घेतले.” म्हणजे ज्या जागी आता बोअर घेऊ नका असं सांगायला आम्ही गेलो होतो, तीच जागा आमच्या नकाशाने पाणाड्यासारखी दाखवून दिली होती.

त्या तरुणाचं तर्कशास्त्र चूक नव्हतं. घनतेचा नकाशा माणसांनी कुठे भोकं पाडली एवढंच सांगतो. खाली काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. एका बोअरला दोन इंच पाणी आणि बांधापलीकडच्याला धुराळा, हे रोजचं आहे. आमचा उंचवटा मात्र चारी दिशांना सारखाच पसरतो. त्याला भेग कळत नाही की ओढा कळत नाही.

म्हणून दुसरा नकाशा केला. आटलेल्या आणि कोरड्या बोअरची घनता वेगळी काढली आणि तिला सगळ्या बोअरच्या घनतेने भागलं. रोगांचा अभ्यास करणारे असा भागाकार नेहमी करतात: रोगी किती, यापेक्षा तिथे राहणाऱ्यांपैकी रोगी किती, हे महत्त्वाचं. जिथे मुळात बोअरच विरळ, तिथला भाग आम्ही पांढराच ठेवला, कारण दोनातला एक मेला तर पन्नास टक्के म्हणणं ही शुद्ध फसवणूक. या नकाशात ओढ्याकाठच्या पट्टीचे दोन तुकडे झाले. खालच्या अंगाला बरेचसे बोअर चालू. वरच्या अंगाला, विहिरीभोवती, जुने कमी खोलीचे बोअर ओळीने आटलेले आणि त्यांच्या मध्ये नवे खोल बोअर. ते पाहून पारावर कुणी काही विचारलं नाही. कोणाच्या बोअरने कोणाचा आटवला, याची चर्चा लगेच सुरू झाली आणि ती आवरता आवरता आमची पुरेवाट झाली. बिंदू उघडे न दाखवता घनता दाखवली होती, हे तेव्हा बरं वाटलं. नाहीतर गट नंबरावरून हातघाई झाली असती.

यातून गाव शहाणं झालं वगैरे काही नाही. त्याच उन्हाळ्यात बोअरची गाडी आली, रात्रभर घरघरली आणि गेली. फरक एवढाच, की गाडी बोलावण्याआधी दोघेतिघे जण नकाशा पाहायला मुलांकडे आले होते आणि त्यांनी दुसराच मागितला.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र आणि भूगोल शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: हे काम तुमच्या तालुक्यात करा. खर्च जवळजवळ नाही. फक्त कोरडे बोअर वगळू नका, आणि नकाशाच्या कोपऱ्यात बँडविड्थ किती मीटरची घेतली ते ठळक अक्षरात छापा.