स्लॅबखालचा उन्हाळा

२८ मार्च, नागपूर

गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. कळीचा चुना रात्रभर भिजवून त्यात डिंक कालवला, म्हणजे तो पायाला लागत नाही. शेवटच्या मजल्यावरच्या घरात उन्हाळा डोक्यावरून उतरतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो, आणि झोप जाते ती त्यानेच. पांढरी गच्ची बरंचसं ऊन वरच्या वरच परतवते. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली ती याचसाठी. खर्च फार नाही. पण तो घरमालकानेच करायला हवा, भाडेकरूने नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

११ एप्रिल

कूलर खिडकीत बसला. वाळ्याच्या ताट्या महाग, म्हणून तीनपैकी एकाच बाजूला वाळा, बाकी दोन्हीकडे साधं गवत. वास तेवढ्यानेही घरभर येतो. समोरची खिडकी मी चार बोटं उघडी ठेवते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गार हवा बाहेर कशाला घालवतेस?" त्यांना समजावलं, "आई, पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून झोत गार लागतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकट होईल." बाहेरची कोरडी हवा सतत आत यायला हवी, म्हणून कूलर खोलीच्या मध्यात ठेवून उपयोग नाही. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट ओढतो, आमचा कूलर दोनशेच्या आसपास.

२६ एप्रिल

वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलंही असतात. पत्र्याची बॉडी, पाण्यातला पंप, ओली फरशी आणि पाणी भरणाऱ्याचे ओले हात, सगळं एके ठिकाणी येतं. घरात नियम घातला आहे: पाणी भरण्याआधी प्लग उपसून बाजूला ठेवायचा. नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही. मुलांनी कूलरला हातच लावायचा नाही. बाकी सगळीकडे पैसा वाचवावा, इथे नको.

७ मे

विजेचं बिल आवाक्यात आहे, खरी ओढाताण पाण्याची आहे. दुपारभरात कूलर एक मोठं पिंप संपवतो आणि आमचा नळ सकाळीच थोडा वेळ येतो. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात घालता येत नाही, ताट्या कुबट होतात. ते गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्याने संध्याकाळी गच्चीवर सडा घालते. टाकी दर रविवारी रिकामी करून घासते आणि कोरडी करते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

२५ मे

सूर्य रोहिणीत, नवतपा सुरू. सकाळी आठलाच खिडक्या आणि पडदे बंद. उघडी असते ती फक्त कूलरसमोरची फट. रात्री बाहेरची हवा घरातल्याहून गार झाली की मगच सगळं उघडायचं. स्वयंपाक नऊच्या आत. माठ रेतीवर ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तहान उशिरा कळते, म्हणून आईंना विचारत बसत नाही; तासातासाला पन्हं, ताक, नाहीतर पाणी हातात देते. मानेवर ओला पंचा असतोच. त्या असंबद्ध बोलू लागल्या किंवा अंग तापून कोरडं पडलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. अंगावर पाणी मारत सरळ दवाखाना, हे मुलांनाही पढवून ठेवलं आहे.

९ जून

ढग आले. हवा दमट झाली आणि कूलर आता नुसता ओलावा फेकतो. पंप बंद करून पंखा तेवढा चालू ठेवला. ठाण्याच्या बहिणीने विचारलं होतं, तिने असाच कूलर घ्यावा का. नको म्हणून कळवलं. तिथली हवा मे महिन्यातही दमट असते, तीत पाणी वाळणार किती? त्या पैशात तिने पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावावी आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळू द्यावा.