मुक्या जिवाचे दात

मैत्रिणींनो, कुत्र्याचे दात घासायचे म्हटले की आमच्या करडीत शेजारणी तोंडाला पदर लावतात. "अवो बाई, पोरांचेच घासणे होत नाही!" पण आमचा मोत्या भरल्या ताटलीपुढून उठून जाऊ लागला, तेव्हा त्याची भूक मेली नव्हती, हिरडी सुजली होती. मुक्या जिवाला सांगता थोडेच येते!

कुत्र्याला ४२ दात. त्यांवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि काही दिवसांत त्याचे दगडासारखे कीटण बनते. ते घासून निघत नाही. मोत्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. डॉक्टरांनी भूल देऊन ते काढले, तेव्हा कुठे तो जेवू लागला.

आता रोज रात्री बोटाला मऊ, ओले फडके गुंडाळते, त्याचा ओठ उचलते आणि वरच्या दाढा बाहेरच्या बाजूने हलकेच पुसते. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नका. कुत्रा ती गिळतो, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल त्याला विषच. शिजलेली हाडेही नकोत. त्यांच्या कपच्या टोचतात. तोंडाला घाण वास आला, एकाच बाजूने चावू लागला, तर दवाखाना गाठा.

रात्रभर आपले दार राखणाऱ्यासाठी दोन मिनिटे जड नाहीत, खरे ना?