तळाच्या तारा

स्नेअर ड्रम निवडताना वादक बहुधा त्याचा मोठ्यात मोठा आवाज ऐकतो. परंतु वाद्याचा खरा कस हलक्यात हलक्या आघातावर लागतो, हे मनगट पूर्वीसारखे वळेनासे झाल्यावर, म्हणजे बरेच उशिरा, ध्यानात येते. तरुण हाताला रिमशॉट, म्हणजे काठी पानावर आणि धातूच्या कडीवर एकाच क्षणी पाडणे, सहज साधते आणि त्या कडकडाटात वाद्याचे पुष्कळसे दोष बुडून जातात.

अडचण असते ती तळाशी. इंचाच्या जेमतेम तीन सहस्रांश जाडीच्या खालच्या पानाला टेकून साधारण वीस वेटोळ्या तारांची पट्टी ताणलेली असते. वरच्या आघाताने आतली हवा हलते, खालचे पान थरथरते आणि तारा त्यावर सळसळतात. पट्टी आवळली, तर घोस्ट नोट म्हणून ओळखले जाणारे कुजबुजीएवढे ठोके मुके होतात. सैल सोडली, तर शेजारच्या टॉमवर काठी पडताच किंवा बास गिटारचा एखादा स्वर लागताच तारा आपण होऊन बोलू लागतात. खालच्या पानाचा सूर टॉमच्या सुरापासून दूर नेला, की ही कुरकुर तिथे थांबते आणि दुसऱ्याच स्वरावर उगवते. पुण्याच्या मिरवणुकीतल्या ताशाला तारा नसल्याने तो या जाचातून सुटला आहे. स्नेअरवाल्याच्या मात्र किती रात्री पट्टी ताणणाऱ्या त्या एका स्क्रूपायी गेल्या, याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

शैलीनुसार हा तोल बदलतो. जॅझमध्ये ब्रशच्या तारा पानावर घासायच्या असल्याने वरचे पान खरखरीत लेपाचे लागते आणि पट्टी थोडी सैल चालते. जेम्स ब्राऊनच्या १९७० साली प्रकाशित झालेल्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्डने मुख्य ठोक्यांच्या मधल्या फटी ज्या बारीक आघातांनी भरल्या आहेत, ते उमटण्यासाठी लगेच दाद देणारे वाद्य हवे. रॉकसाठी मात्र साडेसहा इंच खोलीच्या धातूच्या ड्रमकडे धाव असते, कारण जॉन बॉनमने लडविगचा तसा अॅल्युमिनियमचा ड्रम वाजवला. त्याचा हात विकत मिळत नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सोयीस्करपणे विसरली जाते. हल्ली ध्वनिमुद्रणानंतर प्रत्येक ठोका संगणकावर बदलून एकसारखा करता येतो, त्यामुळे हलका हात कमावण्याची निकडच अनेकांना वाटत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते चटकन कळते.

असा ठपका ठेवणारा जुना वादकही धुतल्या तांदळासारखा नसतो. पाच इंची मॅपलचा ड्रम आपल्या हाताला पुरेसा आहे हे कळूनही तो खोल पितळी ड्रम वर्षानुवर्षे मंचावर मांडतो, कारण दिव्यांखाली तो झळाळतो. आणि दुकानात नवे वाद्य पारखताना, मागे कोणी तरुण उभा असल्याची चाहूल लागली, की दुखऱ्या मनगटानिशी त्याचा पहिला ठोका रिमशॉटचाच पडतो.