मुंबई बंदराच्या दोन चिलखती पहारेकरी

आमच्या तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्गापासून एक रस्ता विजयदुर्गाकडे वळतो. त्या वळणाचा परिणाम असावा, पण इथल्या इतिहासप्रेमींची आरमारावरील चर्चा बहुधा १७५६ सालापाशी येऊन थांबते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, विजयदुर्ग पडला आणि समुद्राचा इतिहासही जणू तिथेच संपला! आजचा धागा त्यानंतरच्या, अगदी वेगळ्या लढाऊ जहाजांविषयी आहे. त्यांची नावे ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’.

१८६० च्या दशकात जगातील सर्व लाकडी युद्धनौका एकाएकी जुन्या ठरल्या. फ्रान्सची ‘ग्ल्वार’ १८५९ मध्ये पाण्यात उतरली, ब्रिटनची ‘वॉरियर’ १८६० मध्ये. आणि मार्च १८६२ मध्ये अमेरिकी यादवीत ‘मॉनिटर’ व ‘व्हर्जिनिया’ ही दोन लोखंडी जहाजे तासन्‌तास एकमेकींवर गोळे डागूनही बुडाली नाहीत. नेमक्या त्याच काळात कापसाच्या तेजीने मुंबई श्रीमंत झाली होती आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत शहराचा जुना तट पाडला जात होता. तट नाहीसा झाला, संपत्ती मात्र वाढली. मग बंदराचे रक्षण कोण करणार?

इंडिया ऑफिसने त्यावर काढलेला उपाय म्हणजे तरंगता तट. एडवर्ड रीड या मुख्य नौरचनाकाराने मेलबर्नच्या रक्षणासाठी ‘सर्बेरस’ या जहाजाचा आराखडा केला होता. ‘मॅग्डाला’ त्याच धर्तीची, आणि ‘ॲबिसिनिया’ त्याच कल्पनेची, पण लहान व स्वस्त. दोन्ही १८७० मध्ये लंडनमध्ये बांधून पूर्ण झाल्या. ‘मॅग्डाला’ २२५ फूट लांब, ४५ फूट रुंद, सुमारे ३,३४० टनांची. तिची खालची डेक पाण्याच्या जेमतेम वर होती, म्हणजे शत्रूला नेम धरण्यास लक्ष्य फारच थोडे. मात्र अशा डेकवरून लाटा सहज फिरतात. म्हणून रीडने मधल्या भागाभोवती चिलखती तटबंदी उभारली आणि तिच्या दोन टोकांना दोन फिरते बुरूज बसवले. प्रत्येक बुरुजात दहा इंची, अठरा टन वजनाच्या दोन तोफा. तोफेची दिशा बदलण्यासाठी जहाज वळवण्याची गरजच उरली नाही. किल्ल्यांच्या प्रदेशात वाढलेल्या वाचकाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

मला सर्वाधिक गुंतवून ठेवतो तो तिच्या चिलखताचा छेद. कमरपट्ट्याचे लोखंड सहा ते आठ इंच जाड, आणि त्याच्या पाठीमागे सागवानाचा जाड थर. गोळ्याचा धक्का लाकूड पचवते. शिवाय ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडाला खाते, सागाचे तेल त्याला जपते. वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये जलावतरण झालेली ‘ट्रिंकोमाली’ याच लाकडाची होती, आणि ती इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. साग हद्दपार झाला नाही, लोखंडाच्या मागे गेला, इतकेच.

बुटकी डेक आणि उंच डोलकाठ्या एकत्र आल्या तर काय होते, हे सप्टेंबर १८७० मध्ये दिसले: ‘कॅप्टन’ ही ब्रिटिश युद्धनौका वादळात उलटली आणि सुमारे ४८० माणसे बुडाली. ‘मॅग्डाला’ तेव्हा पूर्णत्वास येत होती. तिला मुंबईपर्यंतच्या प्रवासापुरत्या तीन तात्पुरत्या डोलकाठ्या दिल्या होत्या. बंदरात तिचा भरवसा केवळ वाफेवर. वेग साडेदहा नॉटच्या आसपास. उष्ण समुद्रात लोखंडी तळावर शंख-शिंपल्यांची पुटे झपाट्याने चढतात, आणि लाकडी जहाजासारखे तांब्याचे पत्रे थेट ठोकता येत नाहीत, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीने लोखंडच झिजते.

नावांकडेही पाहावे. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम मुंबई इलाख्याचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी चालवली. फौज हिंदुस्थानातून गेली, आणि तिच्या नेहमीच्या पगाराचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवरच राहावा असे ब्रिटिश पार्लमेंटने ठरवले. परक्या भूमीवरील विजयाची नावे कोरलेली जहाजे मुंबईच्या पाण्यात उभी राहिली. ‘आपल्या आरमाराचा इतिहास’ म्हणताना त्यांना वगळणे मला पटत नाही. आपला पैसा, आपले बंदर आणि सागरी नोकऱ्यांसाठी माणसे पुरवणारा तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा यांच्यावाचून ती कथा पूर्ण होत नाही. अभिमान वाटत नाही म्हणून एखादे पान फाडायचे, तर इतिहास कशाला वाचायचा?

या दोघींनी युद्धात एकही गोळा डागला नाही. सरावासाठी अधूनमधून समुद्रात जायचे आणि परत नांगर टाकायचा, हीच तीसेक वर्षांची सेवा. १८९० च्या दशकात ‘मॅग्डाला’च्या तोफा बदलल्या, पण तोवर पोलादी जहाजांनी तिला मागे टाकले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही भंगारात निघाल्या. ‘सर्बेरस’ मात्र १९२६ मध्ये मेलबर्नजवळ लाटा अडवण्यासाठी बुडवली गेली. ब्लॅक रॉकच्या किनाऱ्यावरून तिचे गंजलेले बुरूज आजही दिसतात.