अर्धा चमचा तूप

"पित्ताशयच काढलं, म्हणजे आता तुला राग यायचा नाही!" दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी शेजारच्या काकूंनी असं म्हणून सगळ्यांना हसवलं. मी मात्र पोट धरून बसले. हसलं की टाके दुखत होते ना!

गेल्या पावसाळ्यात माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून केलं, त्यामुळे पोटावर चार बारीक छेद आणि तिसऱ्या दिवशी घरी. सासूबाईंना हे खरंच वाटेना. त्यांच्या थोरल्या बहिणीचं हेच ऑपरेशन १९८२ साली झालं, तेव्हा बरगडीखाली वीतभर कापलं होतं. दुर्बिणीतून हे ऑपरेशन आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी प्रथम केलं. तोवर वीतभर छेद ठरलेलाच.

पण छेद लहान झाला तरी खाण्याचा प्रश्न तोच. पित्त तयार होतं यकृतात. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. तेलतूप पोटात गेलं की ती आवळते आणि दाट पित्त आतड्यात सोडते. पिशवी काढली की पित्त थेंब थेंब सारखं उतरत राहतं. घरातला हंडा गेला, पण नळाची बारीक धार चालू आहे, असं समजा. पाण्यावाचून अडत नाही, पण एकदम बादलीभर मिळायचं नाही!

हे मला डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंना कोण सांगणार? त्यांनी पहिल्याच दिवशी वरणभातावर पळीभर साजूक तूप ओतलं. मी हात आडवा धरला. "अशक्त बाईला तूप नको म्हणजे काय गं?" म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी. डिंकाचे लाडूही माझ्यासाठी करून ठेवलेले. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. टाक्यांपेक्षा मला तेच जास्त दुखलं.

पहिले काही दिवस भाताची पेज, मऊ भात, मुगाचं पातळ वरण आणि साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं ताक यांवर काढले. मग दुधी, पडवळ, दोडका यांच्या भाज्या. चौघांच्या भाजीला एकच चमचा तेल फोडणीला घालायचं, खोबरं नि दाण्याचं कूट तूर्त बंद. पुढे इडली, फुलका, भाकरी असं एकेक वाढवत गेले. नवा पदार्थ खाल्ला की वहीत टिपून ठेवायचा. पेपर तपासायची सवय, ती अशी उपयोगी पडली.

एकदा चुकलेच. तिसऱ्या आठवड्यात बारशाला गेले आणि दोन बटाटेवडे, वर वाटीभर बासुंदी. घरी येईपर्यंत रिक्षात जीव मुठीत धरून बसले होते! पोट बिघडलं ते दुसऱ्या दिवशी ताकभातावर ताळ्यावर आलं. वहीत लाल शाईने शेरा मारला.

पण खरं सांगू? तेलतूप सोडणं जड गेलं नाही. जड गेलं ते वेळेवर खाणं. डॉक्टर म्हणाले, "दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं." ऐकायला किती सोपं! सकाळची शाळा, म्हणून मी कपभर चहावर घर सोडायची. परत येऊन सगळ्यांना वाढून माझं जेवण व्हायचं दोनला. शिवाय सोमवार नि चतुर्थी. फार वेळ उपाशी राहिलं की पित्त पिशवीत साचून राहतं, दाट होतं, आणि खडे व्हायला तेही एक निमित्त होऊ शकतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! एकदा माझी लेक सहज म्हणाली, "आई, तू गरम पोळी खाताना मी तुला पहिल्यांदाच बघतेय." मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या तपासणीला मी सासूबाईंनाच बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "तूप कायमचं बंद नाही, आजी. हळूहळू सुरू करा, पण मोजून." तेव्हापासून तुपाचं भांडं त्यांच्या ताब्यात. अर्धा चमचा, वर एक थेंब नाही! आणि मी साडेबाराला जेवायला बसते, तेव्हा त्यांनाही शेजारी बसवते. त्यासुद्धा जन्मभर शेवटीच जेवत आल्या. ह्यांना आता कधीकधी पानं स्वतः घ्यावी लागतात. थोडी कुरकुर करतात. करू देत!

मैत्रिणींनो, प्रत्येकीचं पोट वेगळं, तेव्हा माझी वही तुमची समजू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशननंतर ताप आला, पोटात कळा आल्या, डोळे पिवळे दिसले, तर घरगुती काढे करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

काकूंना मात्र एक सांगायचं राहिलंच. राग अजून येतो. जेवायची वेळ टळली की जास्तच!